चाळीतले कदमकाका आणि चादरीखालचा मोबाइल

'तिने शेण खाल्ले' हे वाक्य मराठी घरात दबक्या आवाजात उच्चारले गेले, की मोठ्यांना सगळे कळते आणि लहानांना काहीच कळत नाही. रवी जाधव यांनी दिग्दर्शित केलेल्या 'बालक-पालक' या चित्रपटाची गोष्ट याच फटीत घडते. १९८०च्या दशकातली मुंबईतली चाळ, तिथली ज्योतीताई एके दिवशी बदनामीचे ओझे घेऊन चाळ सोडून जाते, आणि अव्या, भाग्या, डॉली आणि चिऊ या चौघांना एवढेच कळते, की तिने काहीतरी भयंकर केले आहे. काय केले, हे विचारले की आई विषय बदलते आणि वडील डोळे वटारतात. मोठे सांगत नाहीत म्हटल्यावर मुले स्वतःच शोधायला निघतात. त्यांना वाट दाखवायला विशू नावाचा त्यांच्यापेक्षा चार गोष्टी जास्त माहीत असलेला मुलगा भेटतो, आणि 'ढिच्यँक ढिच्यँक' हा एक नवाच शब्द त्यांच्या तोंडी येतो.

हा चित्रपट ४ जानेवारी २०१३ रोजी प्रदर्शित झाला. 'नटरंग' आणि 'बालगंधर्व' यांच्यानंतर रवी जाधव चाळीतल्या पाच मुलांची गोष्ट सांगायला बसले, अंबर हडप आणि गणेश पंडित यांच्या एकांकिकेतून ती पडद्यावर आली, रितेश देशमुख यांनी निर्माता म्हणून तिच्यामागे उभे राहायचे ठरवले, आणि लोकांनी ती डोक्यावर घेतली. विनोदी म्हणून ती गाजली, धाडसी म्हणूनही वाखाणली गेली. माझ्या मते तिचे खरे मोल तिच्या आशावादात आहे, आणि त्या आशावादाचे पुढे आपण समाज म्हणून काय केले, हा प्रश्न एका तपानंतर विचारण्याची वेळ आली आहे.

हे सुचण्याचे कारण अगदी घरगुती आहे. मध्यंतरी बहिणीकडे गेलो असताना रात्रीच्या जेवणानंतर सगळ्यांनी मिळून 'बालक-पालक' पाहायचे ठरले. भाचा चौदा वर्षांचा, नववीत. चित्रपट तासभर पुढे सरकला असेल, तोवर माझे मेहुणे तीनदा पाणी प्यायला उठले होते. पहिल्यांदा खरोखरच तहान लागली असावी असे मला वाटले. दुसऱ्यांदा लक्षात आले, की पडद्यावरची मुले खोलीचे दार लावून घेतात तेव्हा ते उठतात. तिसऱ्यांदा ते स्वयंपाकघराच्या दारातच हातात पेला घेऊन उभे राहिले, कारण तिथून त्यांना पडदा दिसत होता पण मुलाचा चेहरा दिसत नव्हता. ते अत्यंत प्रेमळ वडील आहेत. मुलाच्या अभ्यासाचे, दातांचे, चष्म्याच्या नंबराचे त्यांना सगळे ठाऊक असते. तरीही या एका विषयावर त्या दोघांच्या मध्ये त्यांना स्वयंपाकघराचे दार हवे होते. यात त्यांचा दोष मी मानत नाही, कारण त्यांच्या वडिलांनी त्यांच्याशी कधी यातले अक्षर काढले नसणार आणि त्यांच्या आजोबांनी तर नाहीच नाही. बोलायचे कसे हे माणूस ऐकून शिकतो, आणि त्यांनी ते कधी ऐकलेलेच नाही.

आपल्या भाषेचाच विचार करून पाहावा. मुलीला पाळी आली की ती 'बाहेर बसली' किंवा तिला 'कावळा शिवला'. लग्नाआधी कोणाशी संबंध आला तर तिचा 'पाय घसरला', 'पाऊल वाकडे पडले', तिने 'तोंड काळे केले', आणि सगळ्यांत शेवटी तिने 'शेण खाल्ले'. मराठी ही काही शब्दांना मोताद असलेली भाषा नव्हे. लावणीने शृंगाराला शब्द दिले आणि संतांनी देह हा शब्द हजारदा उच्चारला. तरी घराच्या चार भिंतींत शरीराविषयी बोलायची वेळ आली, की आपल्यापाशी तीनच बोल्या उरतात: एक लाजेची, जी आडवळणाने जाते, एक शिव्यांची, जी मुले नाक्यावर आपोआप शिकतात, आणि एक पाठ्यपुस्तकाची, जिच्यातले संस्कृत शब्द परीक्षेत लिहायचे असतात पण आईला सांगता येत नाहीत. या तिन्हींपैकी एकीतही चौदा वर्षांच्या मुलाला आपल्या मनात काय चालले आहे ते सांगता येत नाही. आणखी एक गोष्ट या शब्दांवरून लक्षात येते. घसरणारा पाय, वाकडे पाऊल, काळे तोंड हे सगळे मुख्यतः मुलीच्या वाट्याला आलेले आहे. मुलगा मात्र फक्त 'वयात येतो', आणि त्याचे काही चुकले तर 'पोरं म्हणजे चालायचंच' असे म्हणून सोडून दिले जाते.

'ढिच्यँक ढिच्यँक' हा निरर्थक शब्द मला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो. भाषेने न दिलेली जागा मुलांनी एका आवाजाने भरून काढली आहे. त्या शब्दात लाज नाही, शिवी नाही, शास्त्रही नाही. त्यात कुतूहल आहे आणि थोडी भीती आहे. तो शब्द ऐकून चित्रपटगृहात लोक हसत होते, आणि त्या हसण्यातच चित्रपटाची सगळी कारागिरी होती. हाच विषय गंभीर चेहऱ्याने मांडला असता तर आईवडील मुलांना घेऊन आलेच नसते, आणि चुकून आले असते तरी अंधारात एकमेकांकडे न पाहता बसून राहिले असते. हसण्याला मात्र चोरून राहता येत नाही. बापाला ज्या जागी हसू फुटते त्याच जागी मुलालाही हसू फुटते, आणि दोघांनाही त्या क्षणी कळते, की समोरच्याला हे माहीत आहे. बोलण्याची अर्धी अडचण तिथेच सरते. चित्रपटाच्या नावाची आद्याक्षरेही याच कामी आली आहेत. 'बीपी' म्हटले की कॉलेजातल्या मुलांना 'ब्लू पिक्चर' समजायचे, हे सगळ्यांना ठाऊक होते. तीच दोन अक्षरे बालक आणि पालक यांच्यासाठी वापरून चोरट्या कुजबुजीतला शब्द दिवाणखान्यात आणला गेला.

चित्रपटाच्या केंद्रस्थानी मुले आहेत, आणि रोहित फाळके, मदन देवधर, शाश्वती पिंपळीकर, भाग्यश्री शंकपाळ आणि प्रथमेश परब या पाचही जणांनी ती इतकी सहज उभी केली आहेत, की कुठेही मोठ्या माणसाने लिहून दिलेले वाक्य ती म्हणत आहेत असे वाटत नाही. पण चित्रपटाला दिशा मिळते ती किशोर कदम यांच्या कदमकाकांमुळे. मुलांनी नको ते पाहिले आहे, त्या पाहण्याने त्यांची नजर बदलली आहे, कालपर्यंत जी नेहाताई फक्त ताई होती तिच्याकडे भाग्या आता निराळ्या डोळ्यांनी पाहू लागला आहे, मैत्रीत ताण आला आहे, आणि चौघांनाही आपण काहीतरी घाण केल्याच्या भावनेने ग्रासले आहे. नेहमीच्या मराठी चित्रपटात इथे थोबाडीत बसली असती, वसतिगृहात रवानगी झाली असती किंवा देवघरासमोर शपथ घेतली गेली असती. कदमकाका मुलांना मारत नाहीत आणि त्यांना माफीही मागायला लावत नाहीत. ते बसतात आणि बोलतात. आणि मग पालकांकडे वळून, तुम्ही का बोलला नाहीत, असे विचारतात. मला दिसणारा आशावाद तो हाच. मुले मुळात निर्मळ असतात असे भाबडे विधान हा चित्रपट करत नाही, आणि वाईट पाहिले म्हणून ती बिघडली असेही म्हणत नाही. घडून गेलेल्या चुकीनंतरही बोलायला उशीर झालेला नसतो, फक्त एका मोठ्या माणसाने खाली बसायला हवे, एवढेच तो म्हणतो.

आशेने संपणाऱ्या चित्रपटांकडे आपल्याकडचे जाणकार थोडे संशयाने पाहतात. किशोरवयाबद्दलची कलाकृती दुःखात संपली, की ती वास्तवाशी प्रामाणिक, आणि दिलाशात संपली, की ती बाजाराशी तडजोड, असा एक समज रुजला आहे. मला तो मान्य नाही. दुःखान्त हा अनेकदा सोपा असतो, कारण तिथे लेखकाला पुढचे काही सुचवावे लागत नाही. याउलट, हे असे सुटू शकते असे म्हणणाऱ्याला ते कसे सुटेल हे दाखवावे लागते, आणि प्रेक्षक ते पडताळून पाहू शकतो. 'बालक-पालक' ही जोखीम घेतो. म्हणूनच त्याच्या उणिवाही स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत.

पहिली उणीव ज्योतीताईची. जिच्यामुळे प्रश्न सुरू झाला तीच गोष्टीतून निघून जाते. तिचे काय झाले, तिच्याशी कोण बोलले, ज्या पुरुषाचा त्यात वाटा होता तो कुठे गेला, यातले काही या गोष्टीने विचारात घेतलेले नाही. मुलांच्या शिक्षणाचे निमित्त एवढीच तिची भूमिका उरते. आणि जी भाषा तिला शेण खाणारी ठरवते त्या भाषेचा हिशेब चित्रपट हसत हसत मागतो खरा, पण तिला परत आणत नाही. दुसरी उणीव मुलींच्या दृष्टीची. डॉली आणि चिऊ या दोघी कथेत ठसठशीत आहेत, तरी शोधाची धाव मुलग्यांची आहे, आकर्षणाची नजर मुलग्यांची आहे, आणि विनोदाचा मोठा वाटा विशूकडे आहे. त्या वयातल्या मुलीला कुतूहलाबरोबर भीतीही जगायची असते. गर्दीतला हात, जिन्यातला धक्का, नात्यातल्या कोणाची तरी जवळीक. ते सगळे या चाळीच्या बाहेर राहिले आहे. हे सांगितल्याने चित्रपट लहान होत नाही. त्याने एक दार उघडले, आणि त्या दारातून पुढे जाणारे आणखी चित्रपट यायला हवे होते.

तो कोणत्या दिवसांत आला हेही आठवावे. १४ नोव्हेंबर २०१२ रोजी लैंगिक अत्याचारांपासून मुलांना संरक्षण देणारा पॉक्सो कायदा अमलात आला. १६ डिसेंबरला दिल्लीत सामूहिक बलात्काराची ती भयंकर घटना घडली. ४ जानेवारीला हा चित्रपट आला, आणि २३ जानेवारीला, दिल्लीच्या घटनेनंतर कायद्यात सुधारणा सुचवण्यासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीने आपला अहवाल दिला, ज्यात शाळांमधून लैंगिक शिक्षण देण्याची गरज मांडलेली होती. म्हणजे रस्त्यावर संताप होता, कायदा नवा होता, समिती शिफारस करत होती आणि त्याच आठवड्यांत मराठी कुटुंबे एकत्र बसून या विषयावर हसत होती. इतका अनुकूल काळ क्वचित येतो. त्याआधी अवघ्या पाच-सहा वर्षांपूर्वी, २००७ साली, शाळांसाठी तयार केलेल्या किशोरवयीन शिक्षणाच्या कार्यक्रमावर महाराष्ट्रात लोकप्रतिनिधींनी गदारोळ केला होता, त्यातली चित्रे अश्लील आहेत असे म्हटले गेले होते, आणि तो कार्यक्रम थांबवण्यात आला होता. आपल्याबरोबर इतरही अनेक राज्यांनी तेच केले होते.

या महाराष्ट्रातच हे व्हावे याचे दुःख अधिक आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे काम सुरू केले आणि जुलै १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे लैंगिक शिक्षणाला वाहिलेले मासिक चालवले. त्यांच्यावर अश्लीलतेचे जे खटले झाले त्यांतला १९३४चा खटला वाचकांच्या प्रश्नांना त्यांनी दिलेल्या उत्तरांवरून होता. त्यांच्या बाजूने उभे राहिले होते बॅरिस्टर डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लोक विचारतात, विचारणाऱ्याच्या मनात शंका आहे, आणि जाणकाराने तिचे उत्तर देणे हा गुन्हा कसा, हा त्या वादाचा गाभा. कर्वे तो खटला हरले. पण अव्याने आपल्या आईला विचारलेला प्रश्न आणि कर्व्यांच्या टपालात येणारा प्रश्न यांत मला काहीच फरक दिसत नाही. पुढे डॉ. विठ्ठल प्रभू यांच्या 'निरामय कामजीवन'ने कित्येक घरांत कपाटाच्या मागच्या रांगेत जागा मिळवली, आणि गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी 'तारुण्यभान'च्या शिबिरांतून हजारो मुलामुलींशी मोकळेपणाने संवाद केला. गडचिरोलीतल्या खेड्यापाड्यांतल्या मुलांशी जे बोलता येते, ते पुण्या-मुंबईतल्या दिवाणखान्यात बोलता येत नाही, ही अडचण संस्कृतीची आहे असे मला वाटत नाही. बोलण्याची सवय लावून घेण्याची ती अडचण आहे.

आता या लेखाच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. 'बालक-पालक'मधला आशावाद खरा आहे, पण तो एका विशिष्ट व्यवस्थेवर उभा आहे, आणि ती व्यवस्था आज शिल्लक नाही. त्या काळात नको ते पाहायचे तर व्हीसीआर भाड्याने आणावा लागे. त्यासाठी पैसे जमवावे लागत, एकट्याच्या खिशाला ते परवडत नसल्याने वर्गणी काढावी लागे, घर रिकामे असल्याची वेळ शोधावी लागे, यंत्र जिन्यातून वर नेताना शेजारच्या काकूंनी विचारले तर काय सांगायचे ते आधी ठरवावे लागे, आणि कॅसेट मिळवायला विशूसारखा कोणी तरी लागे. म्हणजे ते पाहणे हे सामूहिक काम होते. पाच जणांनी मिळून पाहिले, म्हणून पाच जण मिळून घाबरले, हसले, भांडले आणि अपराधी झाले. गुपिताला साक्षीदार होते. साक्षीदार होते म्हणून ते फुटले, आणि चाळीत दारे उघडी असत म्हणून फुटलेले गुपित एका कदमकाकांच्या कानी जाऊ शकले. चित्रपटातला आशेचा शेवट हा केवळ एका सज्जन माणसाची देणगी नाही. उघड्या दारांची, सामाईक गॅलरीची आणि महागड्या यंत्राचीही ती देणगी आहे.

आजच्या नववीतल्या मुलाला वर्गणी काढावी लागत नाही. २०१६च्या सप्टेंबरनंतर डेटा जवळजवळ फुकट झाला, आणि २०२०मध्ये टाळेबंदीच्या काळात आपणच, शाळेसाठी, मोबाइल त्याच्या हातात दिला. तो पाहतो ते एकटा, चादरीखाली, आवाज बंद करून. त्याच्याबरोबर हसणारे कोणी नाही, घाबरणारे कोणी नाही, आणि हे खरे नसते रे, असे म्हणणारा थोडा मोठा मुलगाही नाही. भाग्या आणि अव्याने जे पाहिले त्यापेक्षा तो कितीतरी अधिक हिंसक, अधिक अपमानकारक गोष्टी पाहू शकतो, आणि तेच स्त्रीपुरुषांमधले सामान्य वर्तन आहे असे त्याने मानले तर ते चूक आहे हे त्याला सांगणारा माणूस त्याच्या आसपास नाही. शेजारचे दार बंद आहे. त्याच्या इमारतीत कदमकाका राहत असतीलही, पण त्यांना कळणार कसे?

बंदीने हे सुटेल असे काहींना वाटते. २०१८ साली सरकारने ८२७ अश्लील संकेतस्थळे बंद करण्याचा आदेश दिला. त्यामुळे मुलांचे पाहणे थांबले असे कोणताही पालक छातीवर हात ठेवून म्हणू शकणार नाही. मुलांपर्यंत हे पोहोचू नये यासाठी प्रयत्न जरूर व्हावेत, आणि मुलांच्याच शोषणाचे चित्रण करणाऱ्यांवर तर कठोरातली कठोर कारवाई व्हावी. पण २०२४च्या सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच प्रकारच्या चित्रणाविषयीच्या निकालात कायदा कडक ठेवताना सर्वंकष लैंगिक शिक्षणाची गरजही स्पष्टपणे बोलून दाखवली. कुंपण आणि शिक्षण दोन्ही लागतात. आपण कुंपणावर समाधानी राहिलो आहोत.

पालकांची भीती मी हसण्यावारी नेऊ इच्छित नाही. जे अजून मुलाच्या डोक्यात नाही ते आपण बोलून त्याच्या डोक्यात घालू, हे त्यांना मनापासून वाटते. या भीतीचा जगभर अभ्यास झाला आहे; युनेस्कोने २००९ साली काढलेली आणि २०१८ साली सुधारलेली मार्गदर्शिका हेच सांगते, की अशा शिक्षणाने मुले लवकर त्या वाटेला जात नाहीत. पण मला अभ्यासापेक्षाही आपल्या घरातला पुरावा पुरेसा वाटतो. न बोलल्याने ज्योतीताई वाचली नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांच्या आत झालेले आढळले. दर पाचांतल्या एका मुलीला आपण संसाराला योग्य समजतो, पण तो संसार म्हणजे शरीराच्या दृष्टीने काय, हे समजण्याच्या वयाची मात्र समजत नाही. 'अजून लहान आहे' हे कारण या आकड्यापुढे टिकत नाही. आपल्या संस्कृतीत हे बसत नाही, या म्हणण्यालाही माझे उत्तर कर्व्यांच्या मासिकात आणि गडचिरोलीच्या शिबिरांत आहे. तीही आपलीच संस्कृती आहे.

मग करायचे काय? दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात मानवी प्रजननाचा भाग आहे, पाळीचे चक्र आहे, आणि त्यापुढच्या तंत्रज्ञानाचीही माहिती आहे. पुस्तकाने आपले काम बरेचसे केले आहे. पण मी शाळेत होतो तेव्हा आमच्या सरांनी तो धडा 'घरी वाचून घ्या' असे सांगून सोडून दिला होता. पुस्तक मिटताना त्यांनी फळ्याकडे तोंड केले आणि आधीच पुसलेला फळा पुन्हा पुसायला घेतला, हे मला आजही दिसते. ते उत्तम शिक्षक होते. त्यांना हा धडा शिकवायला कोणी शिकवले नव्हते. आजही शिक्षकाच्या प्रशिक्षणात या एका धड्यासाठी दोन दिवस वेगळे काढले, त्याला शब्द दिले, वर्गात हशा पिकला तर काय करायचे ते सांगितले आणि एखाद्या पालकाने तक्रार केली तर संस्था त्याच्या पाठीशी उभी राहील याची लेखी हमी दिली, तर पुष्कळ काही बदलेल. शिक्षकाला एकटे पाडून हे काम होणार नाही. धडा दहावीपर्यंत थांबणेही बरोबर नाही, कारण पाळी दहावीची वाट पाहत नाही आणि मोबाइल तर नाहीच नाही.

आणि या कामात चित्रपटाला जागा द्यावी. पालकसभेला गुणपत्रिका वाटून झाल्यावर वर्षातून एकदा आईवडील आणि मुले यांनी शाळेच्या सभागृहात एकत्र बसून 'बालक-पालक' पाहावा, त्यानंतर एखाद्या डॉक्टरांनी किंवा समुपदेशकांनी तासभर प्रश्न घ्यावेत, प्रश्न चिठ्ठीवर नाव न लिहिता घ्यावेत. यासाठी मोठा निधी लागत नाही. चाळीने जे सामूहिकपण एकेकाळी आपोआप दिले, ते आता ठरवून उभे करावे लागेल, आणि अंधारात एकत्र बसून हसणे हा त्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे. त्यासाठी आणखी एक अडसर दूर व्हायला हवा. २०२३च्या ऑगस्टमध्ये आलेल्या 'ओएमजी २' या हिंदी चित्रपटाचा विषय शाळकरी मुलाचे लैंगिक शिक्षण हाच होता, आणि त्याला प्रमाणपत्र मिळाले केवळ प्रौढांसाठीचे. ज्या वयाच्या मुलासाठी गोष्ट रचली त्याच वयाचा मुलगा ती चित्रपटगृहात पाहू शकला नाही. त्याच वर्षी सिनेमॅटोग्राफ कायद्यात दुरुस्ती होऊन सात, तेरा आणि सोळा अशा वयाच्या पायऱ्या ठरवल्या गेल्या. ही सुधारणा चांगली आहे, पण तिचा अर्थ तेव्हाच लागेल, जेव्हा प्रमाणपत्र देणारी समिती एखादा विषय पडद्यावर आहे एवढ्याने न घाबरता तो कसा मांडला आहे हे पाहील आणि तेरा वर्षांच्या मुलाला आवश्यक ती गोष्ट तेरा वर्षांचा असतानाच पाहू देईल. मराठीतल्या निर्मात्यांनीही, आता डॉलीच्या आणि चिऊच्या बाजूने, मोबाइलच्या काळातली अशी गोष्ट लिहून घ्यावी अशी माझी त्यांना विनंती आहे.

बहिणीच्या घरी त्या रात्री चित्रपट संपला तेव्हा मेहुणे दारातच उभे होते. आम्हा मोठ्यांना वाटले, की भाचा एकतर काही न बोलता आपल्या खोलीत जाईल किंवा विशूच्या एखाद्या वाक्यावर हसेल. तो टीव्हीकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "बाबा, पण त्या ज्योतीताईचं पुढे काय झालं? तिला कोणी परत नाही का बोलावलं?" क्षणभर कोणालाच उत्तर सुचले नाही. मग मेहुणे आत आले, हातातला पेला त्यांनी टीपॉयवर ठेवला आणि त्याच्या शेजारी बसत म्हणाले, "आमच्या आळीत पण एक ताई होती. मी तेव्हा तुझ्याएवढाच होतो." माझ्या बहिणीने ही गोष्ट लग्नाला सतरा वर्षे होऊनही कधी ऐकलेली नव्हती. तिने टीव्ही बंद केला, आणि आम्ही सगळे ऐकू लागलो.